प्रसूतिगृहें वाढलीं, सुईण कोठें आहे?

इ. स. १८५५ मध्यें ‘ज्ञानोदय’ पत्रांत पुण्यांतील एका चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध प्रसिद्ध झाला. मुलगी मांग जातीची, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत शिकलेली, नांव मुक्ताबाई. मांगमहारांच्या दुःखांची जी यादी तिनें त्या निबंधांत मांडली आहे, तींत बाळंत होणाऱ्या स्त्रियांना साधा निवाराहि मिळत नाहीं ही तक्रार तिनें मोठ्या रोखठोकपणें नोंदविली आहे. या तक्रारीची खरी धार कळण्यास एक गोष्ट ध्यानांत घ्यावी लागते. महाराष्ट्राच्या पुष्कळ भागांत, आणि आमच्या मराठवाड्यांत तर विशेषेंकरून, गांवच्या सुईणीचें काम मांगवाड्यांतील बाई करी. पाटलाच्या, देशमुखाच्या, कुळकर्ण्याच्या वाड्यांतील वंशाचा दिवा ज्या हातांवर प्रथम टेकला, त्या हातांच्या धनिणीला स्वतःच्या बाळंतपणांत डोक्यावर छप्पर नव्हतें!

या गोष्टीस दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं. छप्पर मिळालें, हें कबूल केलेंच पाहिजे. २००५ सालीं केंद्र सरकारनें जननी सुरक्षा योजना काढली. २०११ सालीं जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आणून सरकारी रुग्णालयांतील बाळंतपण विनामूल्य केलें. पुढें रुग्णवाहिका दारापर्यंत येऊं लागली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें २००५-०६ सालीं महाराष्ट्रांतील ६४.६ टक्के बाळंतपणें दवाखान्यांत होत. २०१९-२१ च्या पाहणींत तें प्रमाण ९४.७ टक्क्यांवर गेलें. २०१८-२० या काळांत सबंध देशांत दर लाख जिवंत जन्मांमागें ९७ माता दगावल्या, तर महाराष्ट्रांत ३३. जो मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी अमलाखालीं होता, ज्यांतील नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ सालीं व लातूरला २००२ सालीं मिळालें, त्या मुलखाच्या दृष्टीनें ही प्रगति लहान नव्हे. तिला नांवें ठेवण्याचा आमचा मुळींच इरादा नाहीं.

आमचें म्हणणें निराळें आहे. या साऱ्या आंकड्यांनीं दोनच गोष्टी मोजल्या: बाळंतपण कोठें झालें, आणि माता व मूल जगलीं कीं गेलीं. या दोहोंच्या मध्यें जें एक मोठें, मुकें दुःख पसरलें आहे, त्याची मोजदाद कोणीं केली? बाई जगली, परंतु गुदद्वारापर्यंत अंग फाटलें, टांके नीट पडले नाहींत, आणि लघवी-शौचावर ताबा न राहिल्यामुळें ती ऐन तिशींत लग्नकार्याला जाईनाशी झाली. दुसरीचें अंग बाहेर येऊं लागलें. तिनें तें दहा वर्षें लुगड्याच्या ओच्यांत लपविलें. तिसरीचें मूल जगलें; परंतु खांदा अडकला असतां डोकें धरून ओढल्यानें त्याच्या एका हाताची शक्ति गेली. चौथीचें मूल जन्मतां रडलें नाहीं, मेंदूला प्राणवायु पोंचला नाहीं, आणि आज तें चार वर्षांचें झालें तरी मान धरीत नाहीं. सरकारी कागदावर या चारहि बायांपुढें एकच शेरा असतो: प्रसूति दवाखान्यांत, माता व बालक सुखरूप. घरांत मात्र या गोष्टीला नशीब म्हणतात. सटवाईनें लिहिलें असें म्हणून दिवा लावतात. पण सटवाई पांचव्या रात्रीं येते. हा अपघात पहिल्या पांच मिनिटांतच घडून गेलेला असतो!

हे सारे अपघात टाळतां येतात असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. परंतु पुष्कळ टाळतां येतात, आणि ते टाळणारा हात शिकलेला असावा लागतो. आम्ही वैद्य नव्हे. परंतु ही विद्या समजून घेण्यास वैद्य असावें लागत नाहीं, थोडा वेळ काढावा लागतो. कळा सुरू झाल्यावर पोटांतील बाळाच्या हृदयाचे ठोके दर पाव ते अर्ध्या तासानें, आणि बाई जोर करूं लागल्यावर दर पांच मिनिटांनीं ऐकावे लागतात. ठोके मंदावले तर वेळ गांठली जाते, ऐकलेच नाहींत तर मूल गुदमरल्याचें बाहेर आल्यावर कळतें. डोकें दिसूं लागल्यावर घाई करूं न देतां, कोमट फडक्याचा शेक देऊन व हाताचा आधार ठेवून तें सावकाश बाहेर येऊं दिलें, तर मोठी फाट पुष्कळदां टळते. खांदा अडकला तर ओढावयाचें नसतें. बाईच्या मांड्या पोटाशीं घट्ट दुमडावयाच्या व ओटीपोटाच्या हाडावर योग्य दिशेनें दाब द्यावयाचा असतो. मूल रडलें नाहीं तर पहिल्या मिनिटाच्या आंत त्याला पुसून, चोळून, आणि तेवढ्यानें न भागल्यास तोंडावर मुखवटा धरून पिशवीनें श्वास द्यावयाचा असतो. यांत मोठें यंत्र एकहि नाहीं. फक्त बाळंतिणीजवळ बसून राहण्याची फुरसत आणि शेंकडों बाळंतपणांनीं शहाणे झालेले हात पाहिजेत.

आतां याच्या उलट आमच्याकडे काय चालतें तें पाहावें. बाळंतपण लांबलें कीं गांवचा डॉक्टर म्हणविणारा इसम येऊन ‘कळांचें इंजेक्शन’ टोंचतो. हें औषध रुग्णालयांत सलाइनमधून थेंबाथेंबानें, मोजून, ठोके ऐकत द्यावयाचें असतें. तें एकदम टोंचलें म्हणजे गर्भाशय आंवळतें तें सैलच होत नाहीं, बाळाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि प्रसंगीं गर्भाशय फाटतें. दुसरी रीत पोट वरून दाबण्याची. ती घरींहि चालते आणि, लाजेची गोष्ट अशी कीं, दवाखान्यांतहि चालते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं प्रसूतिकाळच्या शुश्रूषेविषयीं ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांत पोट दाबणें व प्रत्येकीला सरसकट छेद देणें या दोन्ही चालींचा निषेध आहे. बाईला सोयीचें वाटेल त्या स्थितींत बसूं-उठूं द्यावें, तिच्या पसंतीची सोबतीण जवळ असूं द्यावी असें सांगितलें आहे. आणि ताशीं एक सेंटिमीटर या वेगानें पिशवीचें तोंड उघडलेंच पाहिजे हा जुना हट्टहि सोडून दिला आहे. आमच्या किती प्रसूतिगृहांत बाईच्या आईला आंत बसूं देतात? तिला दाराबाहेर काढून आंत लेकीवर ओरडण्याची चाल मात्र सर्वत्र दिसते.

असें कां होतें? ओरडणारी नर्सबाई दुष्ट असते म्हणून नव्हे. नियमाप्रमाणें सपाटीवर ५,००० आणि डोंगरी व आदिवासी भागांत ३,००० वस्तीस एक आरोग्य उपकेंद्र असावयाचें. तेथें नेमलेल्या बाईच्या हुद्द्याचें नांव ‘सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका’ असें भारदस्त आहे. परंतु लस टोंचणें, कुटुंबनियोजनाचें काम, घरोघरचीं सर्वेक्षणें, साथीच्या दिवसांतील फेऱ्या आणि आतां मोबाइलवर भरावयाची माहिती एवढें उरकून त्या नांवांतील ‘प्रसाविका’ हा शब्द सार्थ करण्यास तिनें वेळ आणावा कोठून? गळ्यावरून हात फिरत नाहीं तो गवई बेसूर होतो. वर्षाकाठीं मोजकींच बाळंतपणें हाताखालून जातात ती प्रसाविकाहि धीर गमावते. मग अडचण दिसण्यापूर्वींच ती ‘पुढें न्या’ म्हणते. किनवट-माहूरच्या डोंगरांतील गोंड-कोलामांचीं गांवें व बंजाऱ्यांचे तांडे येथून पुढें न्यावयाचें म्हणजे शंभर किलोमीटरांहून दूर नांदेडला! ऊसतोडीस परमुलखांत गेलेल्या बाईला तर ‘पुढें’ म्हणजे कोठें हेंहि ठाऊक नसतें.

याचा शेवट कोठें होतो तें सर्व देशानें पाहिलें आहे. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालकें होतीं. मुंबई उच्च न्यायालयानें या प्रकाराची आपण होऊन दखल घेतली. यांतील अमुक मूल अमुक चुकीनें गेलें असा निवाडा करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु त्या वेळीं रुग्णालयाकडून जें कारण सांगण्यांत आलें, तें विचार करण्यासारखें आहे: पुष्कळ बालकें बाहेरून, अखेरच्या अवस्थेंत आणलीं गेलीं होतीं. म्हणजे आसपासच्या सर्व लहान ठिकाणांचे थकलेले हात आपापलें ओझें एका दारांत आणून टाकीत होते. तेव्हां वर्तमानपत्रांनीं औषधांविषयीं विचारलें, खाटांविषयीं विचारलें, अधिकाऱ्यांविषयीं विचारलें. जेथून तीं बालकें निघालीं तेथें बाळंतपण कोणाच्या हातून झालें, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाहीं.

या दुरवस्थेला कंटाळून अलीकडे सुशिक्षित घरांत एक नवें मत उदयास आलें आहे. पुण्या-मुंबईकडे तें पसरूं लागलें असून मोबाइलच्या वाटेनें नांदेड-लातूरलाहि पोंचलें आहे. बाळंतपण हा आजार नव्हे, आमच्या आज्या घरींच बाळंत होत, तेव्हां आम्हीहि ठरवून घरींच बाळंत होऊं, असें हें मत. यांतील पहिलें वाक्य खरें आहे. दुसरेंहि खरें आहे. पण त्या आज्यांच्या ज्या जावा-नणंदा बाजेवरून उठल्याच नाहींत, त्यांच्या नातवंडांना हें मत मांडावयास जन्मच मिळाला नाहीं, एवढें विसरूं नये! २०१८ सालीं तमिळनाडूंतील तिरुपूर येथें चित्रफिती पाहून घरीं बाळंतपण करण्याच्या प्रयत्नांत एक शिकलेली तरुण शिक्षिका रक्तस्रावानें मरण पावली. ठरवून घरीं बाळंत होण्याचें शास्त्र जेथें खरोखर आहे त्या इंग्लंडांत २०११ सालीं ६४,५३८ निर्धोक गरोदर स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. जिचें पूर्वीं बाळंतपण झालें आहे, तिच्या बाळाला घरीं अधिक धोका दिसला नाहीं. परंतु पहिलटकरणींच्या बाबतींत घरीं दर हजारीं ९.३ व रुग्णालयांत ५.३ बालकांस गंभीर इजा अथवा मृत्यु आला, आणि घरीं बसलेल्या पहिलटकरणींपैकीं ४५ टक्क्यांना रुग्णालयांत हलवावें लागलें. तेथें घरीं येणारी सुईण सनदी असते, तिच्या पिशवींत औषधें व श्वास देण्याचें साधन असतें, आणि तिच्या हांकेसरशीं गाडी येते. आमच्याकडे पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची रीत. म्हणजे जिला धोका अधिक तीच पोर, तपासणीचे कागद सासरीं ठेवून, अनोळखी दवाखान्याच्या आसऱ्यास येते. अशा पहिलटकरणीचें बाळंतपण सनदी सुईण नसतां घरीं करावयाचें, याला आम्ही निसर्गाकडे परतणें म्हणत नाहीं. जुगार म्हणतों, आणि डावावर लावलेला जीव खेळणाऱ्याचा नसतो.

दुसऱ्या टोकाला आमच्याच वर्गांतील अधिक मोठा पंथ आहे, तो सुरीवाल्यांचा. महाराष्ट्रांत पोट चिरून होणाऱ्या बाळंतपणांचें प्रमाण २०१५-१६ मधील २०.१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्यें २५.४ टक्क्यांवर गेलें. सबंध देशांत त्याच पाहणींत सरकारी रुग्णालयांत हें प्रमाण १४.३, तर खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के आढळलें. सरकारी दारांत जाणाऱ्या व खाजगी दारांत जाणाऱ्या बायांच्या देहरचनेंत देवानें इतका फरक केला असेल हें आम्हांस खरें वाटत नाहीं. ही शस्त्रक्रिया जेथें लागते तेथें ती प्राणदात्री आहे; परंतु रात्रभर बाळंतिणीपाशीं बसण्यापेक्षां तासाभरांत मोकळें होणें सोयीचें, म्हणून ती केली जाते, आणि आम्ही सुशिक्षित लोक पंचांगांतील मुहूर्त घेऊन त्या सोयीला हातभार लावतों. तेव्हां घरच्या बाजेचा पंथ आणि सुरीचा पंथ वरवर एकमेकांचे वैरी दिसले तरी मुळांत सख्खे भाऊ आहेत: दोघांनाहि सुईण नको आहे.

आणि ती कां नको, याचें उत्तर देण्याची वेळ आली आहे. आमच्या लातूरला एका गोष्टीचा मोठा अभिमान आहे, आणि नांदेडहि त्या बाबतींत मागें नाहीं. ‘लातूर पॅटर्न’ या नांवानें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाच्या शिस्तीनें या भागानें शेतकऱ्यांचीं, शिक्षकांचीं, कारकुनांचीं मुलें वैद्यकीय महाविद्यालयांत नेऊन बसविलीं. हा पराक्रम खरा आहे. आम्ही शिक्षक असल्यानें त्याची किंमत जाणतों. परंतु त्या शिकवण्यांच्या गल्ल्यांतून जातांना भिंतीभिंतींवर डॉक्टर होणाऱ्या मुलींचीं चित्रें दिसतात; प्रसाविका झालेल्या मुलीचें एक तरी चित्र कोणी दाखवावें! एखाद्या हुशार मुलीनें ‘मी सुईण होणार’ असें म्हटलें तर तिच्या घरीं सुतक पडल्यासारखें होईल. ज्या कामांत रक्त, घाम व विटाळ आहे तें काम हलक्या जातीचें, ही हजार वर्षांची समजूत शाळाकॉलेजांनीं धुऊन काढली नाहीं. फक्त तिला पदवीचा झगा चढविला. पूर्वीं मांगिणीला बोलावून तिच्याकडून नाळ कापून घेत, पायलीभर दाणे पदरांत टाकीत, आणि ती गेली कीं घर शिंपडून घेत. आतां तिला बोलावणेंहि बंद केलें, तिची विद्या अडाणी म्हणून टाकून दिली, आणि तिच्या जागीं शिकलेली दुसरी बसविण्याचें मात्र विसरलों. बाळंतिणींच्या व बालकांच्या या दुखापती आमच्या या तुच्छतेचें व्याज आहे. आणि तें व्याज दुसऱ्यांच्या लेकी भरतात.

कोणी म्हणेल, डॉक्टर वाढले कीं सुईण हवी कशाला? त्याला आमचें उत्तर असें कीं, ज्या देशांनीं हा प्रश्न सोडविला त्यांनीं तो सुईणीच्या हातूनच सोडविला. स्वीडननें एकोणिसाव्या शतकांत, बहुतेक बाळंतपणें घरींच होत असतां, शिकवून सनद दिलेल्या सुईणी खेड्यापाड्यांत नेमल्या. १८२९ सालीं तर प्रसंगीं चिमटा लावण्याचाहि अधिकार त्यांस दिला. आणि मातृमृत्यु घटविले. आमच्या शेजारच्या लंकेनें घरोघर फिरणाऱ्या प्रसाविकांच्या बळावर तोच मार्ग चोखाळला. सतरा हजारांहून अधिक स्त्रियांवरील पंधरा प्रयोगांचा जो एकत्र विचार २०१६ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत आरंभापासून शेवटपर्यंत सुईणींच्याच देखरेखीखालीं असलेल्या बायांना छेद व चिमटा कमी लागल्याचें दिसून आलें. परदेशाचे दाखले नको असतील तर मराठी मुलखांतील घ्यावे. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं खेड्यांतील बायांना नवजात बालकाची शुश्रूषा व श्वास देण्याची विद्या शिकविली. ३९ गांवांत नवजातांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं घटल्याचें १९९९ सालीं जगापुढें आलें, आणि २०११ सालीं केंद्र सरकारनें ती पद्धत आशा स्वयंसेविकांमार्फत देशभर नेली. सीमाभागांतील बेळगांव जिल्ह्यांत घरीं किंवा उपकेंद्रांत बाळंत होणाऱ्या १,६२० बायांवर प्रयोग झाला; सरकारी प्रसाविकांनीं बाळंतपणानंतर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, तेव्हां अतिरक्तस्रावाचें प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलें. हा वृत्तांत २००६ सालीं प्रसिद्ध झाला. गडचिरोलीस व बेळगांवास जें साधलें तें नांदेड-लातूरला कां साधूं नये?

सरकारला हें कळत नाहीं असें नव्हे. २०१८ सालीं केंद्र सरकारनें स्वतंत्र प्रसाविका घडविण्याचीं मार्गदर्शक तत्त्वें काढलीं: अनुभवी परिचारिकेस अठरा महिन्यांचें विशेष शिक्षण द्यावयाचें, आणि निर्धोक बाळंतपणें तिच्याच अधिकाराखालीं सोंपवावयाचीं. २०२३ सालीं परिचर्या व प्रसूतिविद्या यांच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदाहि झाला. परंतु योजनेला पाय फुटतात ते लोकांच्या मागणीनें. वैद्यकीय महाविद्यालयासाठीं आमच्या शहरांनीं मोर्चे काढले आहेत. प्रसाविकांसाठीं एक अर्ज तरी गेला आहे काय?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट शब्दांत मांडतों. प्रत्येक प्रसूतिगृहानें, सरकारी असो वा खाजगी, मृत्यूंबरोबर दुखापतींचीहि नोंद ठेवावी: किती बायांना मोठी फाट पडली, किती मुलें रडलीं नाहींत, किती हात लुळे पडले, आणि जिल्ह्याचा आंकडा दरसाल प्रसिद्ध व्हावा. किनवट, माहूर, मुखेड, उदगीर, निलंगा, अहमदपूर येथील सरकारी रुग्णालयांत बाळंतपणाशिवाय दुसरें काम नसलेल्या प्रसाविका रात्रंदिवस असाव्यात, आणि त्यांचा हात चालता राहील इतकीं बाळंतपणें त्यांच्याकडे यावीं. माहेरीं जाणाऱ्या लेकीबरोबर तिचे कागद जावे, आणि सातव्या महिन्यांतच माहेरच्या प्रसाविकेशीं तिची ओळख व्हावी. ज्या थोड्या जुन्या सुईणी उरल्या आहेत, त्यांना वेतन देऊन बाळंतिणीच्या सोबतीण म्हणून आंत घ्यावें. पाठ चोळणें, धीर देणें, नीट बसविणें ही विद्या त्यांच्याइतकी कोणाजवळ नाहीं. या व्यवस्थेंत कोणी दोन-तीनदां बाळंत झालेली निर्धोक बाई, जवळ सनदी सुईण व दारांत गाडी असतां, घरींच बाळंत होऊं म्हणाली, तर आमची तिला हरकत नाहीं. तो दिवस आधीं उगवावा लागेल.

आणि आमच्या वाचकांकडे एक मागणें. घरांत बाळंतपण आलें म्हणजे दवाखान्याची खोली थंड आहे कीं नाहीं, हें आपण विचारतां. रात्रीं दोन वाजतां पोरीचा हात धरून कोण बसणार आहे, तिचें नांव काय, तिनें किती बाळंतपणें केलीं, हें विचारा. उत्तर मिळालें नाहीं तर पुन्हां विचारा. आणि आपली हुशार मुलगी सुईण होऊं म्हणाली, तर पेढे वाटा.

मुक्ताबाईच्या तक्रारीचा पहिला भाग सरकारनें ऐकला. डोक्यावरच्या त्या छपराखालीं शिकलेला, सन्मानानें बोलावलेला हात आणून ठेवणें मात्र सरकारच्या एकट्याच्या हातचें नाहीं. तो हात हलका कीं थोर, हें ठरविणारे आम्ही आहों.